हिप्परग्याच्या पाण्यावर आमच्याही मुलांचे शीड हवे

सोलापुरात शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारे एक सार्वजनिक केंद्र असावे, ते हिप्परगा तलावावर असावे, आणि त्याच्या पहिल्या तुकडीत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांची मुले-मुली असावीत, अशी माझी मागणी आहे. आमच्या भागातल्या दोन-तीन बैठकांत मी ती मांडली, तेव्हा तीन प्रश्न आले. पहिला हसत विचारला गेला, "घरात भाकरीचे वांधे आणि पोरांना होडी?" दुसरा एका आईने हळू आवाजात विचारला, "पोरगी बुडाली तर?" तिसरा एका जाणत्या चाचांचा होता, "आपल्या पोरांना तिथे येऊ कोण देणार?"

तिन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांना बगल देऊन ही मागणी पुढे नेता येणार नाही, म्हणून एकेक घेते.

हा श्रीमंतांचा शौक आहे का?

शिडाची होडी म्हटले की डोळ्यांसमोर मुंबईचा अपोलो बंदराचा किनारा येतो आणि पांढऱ्या कपड्यांतली साहेब मंडळी. हे चित्र खोटे नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 साली स्थापन झाला तो इंग्रजांसाठी. हौस म्हणून शीड उभारायचे तर वेळ लागतो, पैसा लागतो, आणि हे दोन्ही बराच काळ एकाच वर्गाकडे होते.

पण शीड त्याआधी कितीतरी शतके आपल्या किनाऱ्यावर होते, आणि ते कष्टकऱ्यांच्या हातात होते. कोळी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान या साऱ्यांनी ते चालवले. मराठीत समुद्राचे शब्द बघा. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आला. नाखवा हा फारसी 'नाखुदा'. खलाशी, बंदर, दर्यावर्दी हे शब्दही त्याच वाटेने आले. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. हा वारसा भाषणापुरता उरला आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक मुलांनी शीड पाहिलेले नाही, मग वाऱ्यावर होडी चालवणे तर दूरच.

आपल्याकडे समुद्र नाही, हे खरे. पण नौकानयनाला समुद्रच लागतो असे नाही. हैदराबाद आपल्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. तिथल्या हुसेन सागरावर, म्हणजे सोळाव्या शतकात इब्राहिम कुतुबशहाच्या काळात बांधलेल्या तलावावर, सुहेम शेख यांनी 2009 साली यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला. त्या क्लबने गरीब वस्त्यांतल्या, साध्या शाळांतल्या मुलामुलींना शीड शिकवायला घेतले. तिथे शिकलेली प्रीती कोंगारा 2023 साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताकडून उतरली. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत जी तेलुगू बोलली जाते, तीच तेलुगू या मुलींच्या घरांतली. त्यांच्यात आणि आमच्या मुलींत फरक असलाच तर एवढाच, की त्यांना कुणीतरी तलावावर नेले.

त्याच स्पर्धेत भारताला नौकानयनात तीन पदके मिळाली. मुलींच्या आयएलसीए-4 प्रकारात रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन शाळेत, म्हणजे मोठ्या तलावावर शिकली. देवासलाही समुद्र नाही. शिडाच्या फळीवर, म्हणजे विंडसर्फिंगमध्ये, कांस्यपदक मिळवणारा इबाद अली अंदमानचा. तिसरे पदक विष्णू सरवणन याचे, तो लष्करातला जवान. यातले कुणी यॉटच्या मालकाचे पोर म्हणून तिथवर पोहोचलेले नाही. पदकासाठी केंद्र हवे, असे मात्र मी म्हणत नाही. शंभर मुले शिकली तर पदक कदाचित एकालाही मिळणार नाही. उरलेल्या नव्व्याण्णवांना काय मिळते, ते मला महत्त्वाचे वाटते.

शिकायचे म्हणजे नेमके काय?

मुलांना शिकवायला जगभर जी छोटी होडी वापरतात तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्या कारागिराने अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1947 साली ती आखली. सामान्य घरातल्या मुलांना परवडावी, घरच्या घरी प्लायवूडमध्ये जोडता यावी, हा तिचा मूळ हेतू. लांबी 2.36 मीटर, नुसत्या होडीचे वजन 35 किलो, एकच शीड, एकच मूल. पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिच्यावर शर्यती खेळतात. आज ती फायबरचीही मिळते, पण प्लायवूडची बांधता येणारच नाही असे नाही. आमच्या शहरात चांगल्या सुतारांची कमी नाही.

पहिल्या दिवशी मूल शीड हातात घेत नाही. आधी पोहणे, आधी लाइफ जॅकेट नीट बांधणे. मग काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात, होडी मुद्दाम उलटवायची. उलटलेल्या होडीला धरून राहायचे, तिच्या मधल्या फळीवर भार देऊन ती पुन्हा सरळ करायची, चढायचे, पाणी उपसायचे. पुन्हा उलटवायची. उलटण्याची भीती संपल्याशिवाय पुढचा धडा नाही.

मग वारा. वारा कुठून येतो हे गालाला, कानाला कळू लागते. पाण्यावरची काळपट लहर बघून झुळूक पोहोचण्याआधीच ओळखता येते. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणूचा दांडा. झोत आला की दोरी सैल सोडायची, म्हणजे होडी कलत नाही. आणि मग तो धडा, ज्याने प्रत्येक मूल चकित होते: वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, पण त्याला तिरकी धरून, आधी डावीकडे मग उजवीकडे अशी नागमोडी चालवली, तर ज्या दिशेने वारा येतो त्याच दिशेला पोहोचता येते. आठवीच्या पुस्तकातले बल आणि दिशा जे करू शकत नाही, ते ही दहा मिनिटे करतात. मी रविवारी या भागात मुलांचा अभ्यासवर्ग घेते, म्हणून हे ठामपणे म्हणू शकते. विज्ञान कंटाळवाणे असते म्हणून आमची मुले त्यात मागे पडतात, हे काही खरे नाही. ते त्यांच्या हाताला लागत नाही.

आणि कापड! शीड म्हणजे विणलेले कापडच. पूर्वी ते सुती असे, आता बहुधा पॉलिस्टरचे. शिडाच्या मागच्या कडेवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून शिडाचे पट्टे असे लावतात की बाण्याचा धागा त्या कडेच्या दिशेने जावा. त्यासाठी शिडाच्या कापडात बाणा खास घट्ट आणि भक्कम ठेवतात. ताण उरेबात गेला की कापड लांबते, शिडाचा आकार बिघडतो आणि होडी मंदावते. ज्या मुलाचा बाप बारा तास मागावर उभा असतो आणि आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करते, त्याला हे समजावून सांगायला किती वेळ लागेल? ताणा, बाणा आणि उरेब हे शब्द त्याने पाळण्यात ऐकलेले आहेत. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या हातांच्या कौशल्यावर मिळाले त्यांच्या घरातल्या मुलाला आपल्या आईबापाचे काम ही एक विद्या आहे, हे कधीतरी कळायला हवे. शिडाखाली बसून ते चांगले कळेल.

पोरगी बुडाली तर?

उजनीच्या पाण्यावर 21 मे 2024 ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. एकाला पोहून काठ गाठता आला. ही बातमी आपल्याच जिल्ह्याची. दर उन्हाळ्यात विहिरीत, खाणीत, तलावात पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात त्याही आपल्याच.

आपण यातून एकच निष्कर्ष काढतो: पाण्यापासून लांब ठेवा. पण मुले लांब राहत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत कोण बसेल? ती लपून जातात, न शिकता उतरतात, आणि सोबत असतात ती तेवढीच अडाणी दोस्त मंडळी. मुलाला पोहायला शिकवा, ही शिकवण हजरत उमर यांच्या नावाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपण ती सांगतो आणि मुलाला काठावर उभे करतो. पाण्याची खरी सुरक्षितता पाणी ओळखण्यात आहे. जे केंद्र आधी पोहायला शिकवते, जॅकेटशिवाय धक्क्यावर पाऊल ठेवू देत नाही, सोबत मोटारीची बचाव-बोट ठेवते आणि ढग चढले की सगळ्यांना परत बोलावते, तिथे माझी भाची गेली तर मी निश्चिंत राहीन. ती मैत्रिणींबरोबर गुपचूप खाणीवर गेली तर मला झोप लागणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण बैठकीत ती बोलली गेली. 18 मे 2025 च्या पहाटे आमच्याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या घरातले होते, कामगारांच्या घरातले होते, एक तान्हे बाळही होते. "जिथे माणसे अशी जळून जातात तिथे होड्यांची भाषा शोभते का?" असे एकाने विचारले. त्याचा राग मला समजतो. बाहेर पडायचा दुसरा रस्ता, पाण्याची सोय, विजेच्या जोडण्यांची तपासणी, कामाची जागा आणि राहण्याची जागा वेगळी असणे, या मागण्या पहिल्या आहेत आणि पहिल्याच राहतील. त्या मागे सारून मला काही नको आहे.

पण या मागण्या कोण लावून धरणार? ज्या मुलाने होडी पाण्यात लोटण्याआधी दर वेळी दोरी, फळी, जॅकेट, वारा आणि सोबती तपासले आहेत, त्याच्या अंगात तपासण्याची सवय मुरते. उद्या तो कारखान्यात पाय ठेवताना मागचे दार कुठे आहे ते विचारेल, आणि ते कुलूपबंद असेल तर 'का' हेही विचारेल. आमच्या भागात 'का' विचारणारे हात कमी पडतात.

मुलींचे काय?

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान संपते, हे आपण सर्व जाणतो. मुस्लिम घरांतच होते असे नाही, पण आपल्याकडे ते अधिक गुपचूप आणि अधिक पक्के होते. कुणी मनाई करत नाही. हळूहळू फक्त 'घरी काम आहे' असे उत्तर येऊ लागते.

कपड्यांचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. तलावावरच्या उन्हात जगभरचे खेळाडू पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ कपडे घालतात, टोपी घालतात, वरून लाइफ जॅकेट असते. डोके झाकायचे की नाही, हे त्या मुलीने ठरवावे. केंद्राने फक्त एवढेच बघावे की कपडा दोरीत अडकत नाही आणि पाण्यात जड होत नाही. स्त्री प्रशिक्षक असाव्यात, सुरुवातीला मुलींसाठी वेगळी वेळही असावी. पण ती वेळ म्हणजे कायमची भिंत होऊ नये. शर्यतीच्या दिवशी वारा सर्वांना सारखाच येतो.

मला मुलींसाठी नौकानयन विशेष हवे आहे, त्याचे कारण साधे आहे. ऑप्टिमिस्टमध्ये एकच मूल बसते. तिथे भाऊ सोबत नसतो, मागून कुणी सुकाणू धरत नाही. वळायचे कधी, दोरी सोडायची कधी, हे तिचे तिलाच ठरवावे लागते आणि त्याचा परिणाम तीच भोगते किंवा मिरवते. बारा वर्षांच्या मुलीला स्वतःचा निर्णय घेऊन त्याच क्षणी तो बरोबर ठरल्याचे बघायला मिळावे, अशा जागा तिच्या आयुष्यात किती असतात?

येऊ कोण देणार?

चाचांचा प्रश्न सर्वांत जुना आहे. त्याचे कायदेशीर उत्तर संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात आहे. दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबरच सरकारी पैशाने राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आडकाठी करता येत नाही, असे तिथे म्हटले आहे. 'तलाव' हा शब्द तिथे आपोआप आलेला नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ती ओंजळ त्या शब्दामागे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या महाडच्या मुसलमानाने आपली जागा दिली, हेही आपल्या मुलांना माहीत असावे. तो लढा माणुसकीचा होता, माझी मागणी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण त्या लढ्याने जो हक्क मिळवला तो वापरायचा असतो, नाहीतर तो गंजतो.

हिप्परग्याला आम्हाला कुणी अडवत नाही, हे मी मान्य करते. अडवायची गरजच पडत नाही. बस नाही, पैसे नाहीत, पोहता येत नाही, 'ती आपली जागा नाही' असे वाटते, एवढ्यावर काम भागते. गेली कितीतरी वर्षे आपल्या चळवळी सच्चर समितीच्या, मेहमूदुर रहमान समितीच्या अहवालांवर बोलत आल्या, आणि बोलायलाच हवे होते. पण शाळा, नोकरी, घर, कर्ज या यादीत 'आनंद' हा शब्द आपण कधी लिहिला नाही, जणू तो मागायची आपली लायकीच नाही. ज्या समाजाबद्दल केवळ त्याच्या दुखण्यांवरूनच बोलले जाते, तो हळूहळू स्वतःकडेही तसाच बघू लागतो.

म्हणूनच हे केंद्र 'मुस्लिम केंद्र' असू नये. त्याच्या विश्वस्तांत पद्मशाली, लिंगायत, दलित, मराठा, मुस्लिम अशी सोलापूरची सगळी नावे असावीत. तलावाचे पहिले हक्कदार तिथे जाळी टाकणारे मच्छीमार आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय एकही होडी उतरू नये, आणि बचाव-बोटीवर पगारी काम आधी त्यांच्या मुलांना मिळावे. पाणी त्यांच्याइतके कुणाला कळते? हिवाळ्यात पक्षी उतरतात तो भाग सोडावा. एकरुख किंवा हिप्परगा तलाव 1871 साली आदिला नदीवर पूर्ण झाला तो शेतीसाठी, आणि पुढे शहराची तहानही त्याने भागवली. पिण्याच्या पाण्यावर रोजची मोटारबोटींची मौजमजा नको, हे मलाही पटते. शिडाच्या होडीला तेल लागत नाही, आवाज होत नाही. मोटार फक्त बचावासाठी. आणि दुष्काळी साली पाणी तळाला गेले, तर होड्या उलट्या घालून ठेवायच्या, मुलांना काठावर गाठी, नकाशे, हवामान शिकवायचे. तलाव आधी तहानेचा, मग हौसेचा.

आता काय करायचे?

जलसंपदा विभाग, महापालिका आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांच्याकडे एकच लेखी मागणी न्यावी: काठावरची थोडी जागा, परवानगी आणि सुरक्षिततेचे नियम. कारखानदारांकडे दान मागू नये, वाटा मागावा. प्रत्येक कारखान्याने आपल्या कामगारांच्या चार मुलांचा पोहण्याचा आणि बसचा खर्च उचलावा. हैदराबादच्या आणि भोपाळच्या प्रशिक्षकांना इथे बोलावून आधी आपल्यातले पाच-सहा तरुण-तरुणी तयार करावेत, म्हणजे केंद्र पाहुण्यांवर अवलंबून राहणार नाही. फी ऐपतीप्रमाणे असावी आणि कुणी किती दिली हे मुलांना कळू नये.

यातले पहिले काम सरकारच्या परवानगीची वाट बघत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वस्तीतल्या पन्नास मुलामुलींना पोहायला शिकवायचे. ज्या आयांना भीती वाटते त्यांनाही काठावर बसवायचे, आणि ज्यांना वाटेल त्यांना पाण्यातही उतरवायचे. शीड पुढच्या वर्षी आले तरी चालेल. पोहणारी पन्नास मुले घेऊन गेलो तर "तुमच्या पोरांना होडी कशाला?" हे विचारणे अधिकाऱ्यालाही जड जाईल. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या दहा घरांत आधी एवढेच विचारून यावे: तुमच्या घरात पोहता कुणाला येते?